मंदिरात पिस्तूल आणू नये – सर्व सभासदांसाठी

सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारी आरतीला वाकताना एका सभासदाचा कुर्ता वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं. शेजारच्या आजी हातातलं निरांजन तसंच खाली ठेवून मागे जाऊन बसल्या. त्या सभासदांचा हेतू रक्षणाचाच होता, यात शंका नाही.

आपल्या टेक्सास राज्यात १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा स्पष्ट आहे: प्रार्थनास्थळाने मनाई केली नसेल, तर परवानाधारकाला तिथे शस्त्र बाळगता येतं. मनाईची पाटी ठरलेल्या मजकुराचीच लागते, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच. चपलांच्या रॅककडच्या दाराला ती नव्हती, ही कमिटीची चूक. आता तिन्ही दारांवर लावली आहे.

प्रार्थनास्थळावर हल्ला होईल ही काहींची भीती खरी आहे. २०१७ मध्ये टेक्सासमधल्याच सदर्लंड स्प्रिंग्ज गावच्या चर्चमध्ये गोळीबारात वीसहून जास्त माणसं गेली. २०१९ मध्ये इथल्याच व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये दोघांचा बळी गेला, पण तिथल्याच स्वयंसेवकाने हल्लेखोराला काही सेकंदांत गोळी घातली. तो स्वयंसेवक मात्र नेमबाजी शिकवणारा माणूस होता. आपल्याकडे प्रसादाच्या रांगेत पोरं मोठ्यांच्या पायांत घुटमळतात, कमरेला लोंबकळतात. तिथे भरलेलं पिस्तूल मला मान्य नाही.

शस्त्र गाडीतच कुलपात ठेवावं. गणेशोत्सवाचे सगळे दिवस दारावर गणवेशातला पोलीस असेल. हरकत असल्यास येत्या रविवारी आरतीनंतर बैठकीत जरूर मांडा.

– चिटणीस