कार्टूनमधली 'चोरी' आणि माझ्या झिजलेल्या कॅसेटी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात टिळकवाडीच्या एका वाचकांनी तक्रार केली आहे, की हल्लीचे विनोदी कार्टूनपट जुन्या इंग्रजी मारधाडपटांतले प्रसंग सरळ चोरतात. चोरी या विषयात मला थोडा अधिकार आहे, म्हणून लिहितो. १९८६ पासून पंधरा वर्षं शहापुरात माझी व्हिडिओ कॅसेट लायब्ररी होती, आणि तिथल्या निम्म्या कॅसेटी कुठून आल्या हे मी कुणाला सांगत नसे.

दहा रुपये भाड्यानं गेलेली कॅसेट परत आली की ती कुठं झिजली ते बघायचं, ही माझी सवय. गिऱ्हाइकं आवडीचा प्रसंग मागं घेऊन घेऊन बघत आणि नेमक्या तिथंच पडद्यावर पांढऱ्या रेघा उठत. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ची कॅसेट खलनायकाच्या 'मी तुझा बाप आहे' या वाक्यापाशी पार गेली होती. १९९१ चा 'टर्मिनेटर २' शेवटाला, वितळलेल्या पोलादात बुडणारा हात अंगठा वर करतो तिथं. गिऱ्हाइकं मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी. इंग्रजी फारसं कुणालाच येत नव्हतं. पण रेघा सगळ्यांच्या एकाच जागी!

आता नातीबरोबर कार्टून बघताना त्याच जागा पुन्हा भेटतात. १९९९ च्या 'टॉय स्टोरी २'मध्ये खलनायक झुर्ग बझ नावाच्या एका खेळण्याला तेच वाक्य ऐकवतो आणि थोड्या वेळानं दोघं बापलेक चेंडू झेलत बसलेले दिसतात. २००१ च्या 'श्रेक'मध्ये राजकन्या फियोना रॉबिन हूडच्या माणसांना तुडवताना हवेत तशीच थांबते, 'द मॅट्रिक्स'ची नायिका ट्रिनिटी थांबते तशी. 'मॅट्रिक्स'वाल्यांना असल्या करामतींसाठी कॅमेऱ्यांची रांग लावावी लागली होती. इथं संगणकावर ते सोपं, त्यामुळं गंमत लाथेत नाहीच. लाथ मारण्याआधी ती बया लटकल्या लटकल्या केस सारखे करते, तिथं आहे.

'वॉल-ई' या कार्टूनमधल्या अंतराळजहाजाच्या सुकाणूचा लाल डोळा १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'तल्या हॅल या संगणकाचा, हे लगेच कळलं. जहाजाच्या संगणकाचा आवाज मात्र नुसताच ओळखीचा वाटत राहिला. शेवटी नावं आली तेव्हा कळलं, सिगर्नी वीव्हर! 'एलियन'ची नायिका. मी एकटाच हसलो आणि घरातल्यांनी माझ्याकडं बघितलं.

चोरीची सायकल घेणारा आधी तिचा रंग बदलतो. हे लोक रंग सोडाच, घंटीही तीच ठेवतात आणि वाजवून दाखवतात. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवत. त्यांना कुणी चोर म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

वाचकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. मूळ प्रसंग माहीत नसेल तर काही ठिकाणी नुसती खोळंबून बसल्यासारखी अवस्था होते, आणि काही कार्टूनपटांत अशा खुणांखेरीज दुसरं काही नसतंच. आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला असा एक प्रसंग 'हे कुठलं ओळखा' म्हणून छापला, तर निदान आजोबा-नातवंडांना बोलायला विषय मिळेल.

गेल्या महिन्यात मी नातीला 'एम्पायर' दाखवला. ते वाक्य आलं तशी ती ओरडली, ''आज्जा, ह्येनी 'टॉय स्टोरी'ची कापी मारल्यात बघा की!'' मी सालं सांगितली, १९८० आधी की १९९९? ती म्हणाली, ''मी आधी कुठला बघितला?''

टिळकवाडीच्या वाचकांकडं चालू व्हीसीआर असेल तर ती कॅसेट अजून माझ्या माळ्यावर आहे. रेघांसकट. भाडं नको.

— एक जुना कॅसेटवाला, शहापूर, बेळगाव