जालन्याची भट्टी आणि संसदेच्या नोंदीतला आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की मराठवाड्याच्या खासदारांनी कोणते प्रश्न मांडले याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्यांची कात्रणे मी एका जुन्या मस्टरच्या पुठ्ठ्यात जपून ठेवतो. जालन्यातील एका रोलिंग मिलमध्ये मी सव्वीस वर्षे टाईमकीपर होतो. कामगारांची हजेरी मांडणे हेच माझे काम, त्यामुळे नोंद ठेवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ही कात्रणे चाळताना गाड्यांचे थांबे, महामार्गांचे चौपदरीकरण, पीकविम्याची भरपाई, मोबाईलचे मनोरे हे विषय वारंवार दिसतात. ते सगळे रास्तच आहेत. परंतु अमुक गावातला अमुक कारखाना अमुक तारखेला बंद पडला, त्यात इतकी माणसे होती, त्यांची इतकी देणी थकली आहेत आणि यावर सरकार काय करणार, असे नाव, तारीख आणि आकडा देऊन विचारलेले मला क्वचितच सापडते. ही उणीव मनाला फार लागली ती वेल्समधील एका खासदाराच्या कामाविषयी वाचताना, आणि म्हणून हे पत्र.

ब्रिटनच्या पश्चिमेला असलेला वेल्स हा आपल्या मराठवाड्याहून पुष्कळ लहान प्रांत. लोकसंख्या जेमतेम एकतीस लाख, ब्रिटिश संसदेच्या ६५० जागांपैकी ३२ जागा त्याच्या वाट्याला, आणि त्याही २०२४ पर्यंत चाळीस होत्या त्या कमी झालेल्या. कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या यांवर तो प्रांत उभा राहिला आणि खाणी बंद पडल्यावर खचला. तेथील समुद्रकाठच्या पोर्ट टॅलबट या गावात शंभरहून अधिक वर्षे पोलाद तयार होत आले. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही कंपनी विकत घेतली तेव्हा हा कारखानाही टाटांकडे आला. म्हणजे त्या गावातल्या घरांत चूल कशी पेटेल याचा निर्णय गेली जवळजवळ दोन दशके आपल्या मुंबईत होत आला आहे, हे आपण महाराष्ट्रातील वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

स्टीफन किनॉक हे २०१५ पासून त्या भागाचे मजूर पक्षाचे खासदार. निवडून येऊन वर्षही झाले नव्हते तोच, जानेवारी २०१६ मध्ये, कंपनीने १,०५० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांतल्या ७५० एकट्या पोर्ट टॅलबटच्या होत्या. चिनी पोलाद पडत्या भावाने बाजारात ओतले जात आहे, त्यावर सरकार पुरेसे शुल्क का लावत नाही, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. मार्च २०१६ मध्ये ब्रिटनमधील कारभाराचे भवितव्य ठरवण्यासाठी कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक मुंबईत भरली, तेव्हा हे गृहस्थ कामगार संघटनेच्या प्रमुखासह विमानाने मुंबईला आले. ज्या खोलीत निर्णय होतो त्या खोलीच्या दारापर्यंत मतदारसंघाचा प्रतिनिधी जाऊन उभा राहतो, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. आमची मिल बंद झाली त्या आठवड्यात गेटवर कोणीही आले नव्हते. आले असते तर मिल वाचली असती असा माझा दावा नाही, पण आपली कोणी विचारपूस केली एवढे तरी माणसांना वाटले असते.

किनॉक यांच्या खटपटीने भट्ट्या वाचल्या असे मात्र नाही, आणि ते न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने विजेवर चालणारी भट्टी उभारण्यासाठी कंपनीला पन्नास कोटी पौंड देण्याचे ठरवले. १९ जानेवारी २०२४ रोजी जुन्या दोन्ही झोतभट्ट्या, म्हणजे कोळशाच्या बळावर लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या, बंद करण्याचे जाहीर झाले आणि देशभरातील सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गंडांतर आले. नवी भट्टी तयार होईपर्यंत जुनी एक तरी चालू ठेवा, ही कामगार संघटनांची आणि किनॉक यांची मागणी मान्य झाली नाही. पहिली भट्टी जुलैत विझली, दुसरी ३० सप्टेंबर २०२४ रोजी. त्याच वर्षी सत्तांतर होऊन किनॉक स्वतः मंत्री झाले. मात्र या सगळ्या काळात प्रत्येक टप्प्याला मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागले. त्या गावासाठी सरकारचे आठ कोटी आणि कंपनीचे दोन कोटी असा दहा कोटी पौंडांचा संक्रमण निधी आला, आणि नोकरी सोडणाऱ्यांच्या रकमेत सुधारणा झाल्याचे नव्या उद्योगमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितले.

पुढच्या वर्षी तर याहून बोलकी गोष्ट घडली. इंग्लंडमधील स्कनथॉर्पच्या भट्ट्या विझण्याच्या बेतात असताना १२ एप्रिल २०२५ या शनिवारी, ईस्टरची सुटी मोडून, संसद बोलावण्यात आली आणि एका दिवसात कायदा करून सरकारने त्या कारखान्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा प्लाइड कम्री या वेल्सच्या पक्षाच्या खासदार लिझ सॅव्हिल रॉबर्ट्स यांनी, हीच तत्परता पोर्ट टॅलबटच्या वेळी का दाखवली नाही, असा जाब विचारला. सभागृहाच्या नोंदीत तो प्रश्न आता कायमचा आहे. आपल्याकडे अनुशेषाची भाषा १९५३ च्या नागपूर करारापासून चालू आहे, दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो आकड्यांत मांडला, आणि वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली तेव्हा तो आकडा दरवर्षी मांडणारी जागाच नाहीशी झाली. त्यामुळे दुसऱ्या भागाला मिळाले ते आम्हाला का नाही, हे तारीखवार विचारण्याची गरज आपल्याला वेल्सपेक्षा कमी नाही.

निवृत्तिवेतनाचे प्रकरण मला अधिक जवळचे आहे. २०१७ मध्ये त्या पोलाद कामगारांच्या पेन्शन योजनेची फेररचना झाली तेव्हा गोंधळलेल्या माणसांना सल्लागारांनी गाठले आणि जवळजवळ आठ हजार जणांनी हक्काची पेन्शन सोडून आपली रक्कम बाहेर काढली. त्यांतल्या पुष्कळांची फसगत झाली. ब्लायनाय ग्वेंटचे खासदार निक स्मिथ, किनॉक आणि इतर काही जण हा विषय वर्षानुवर्षे उकरत राहिले, संसदीय समित्यांनी चौकशी केली आणि अखेर २०२३ मध्ये नियामक संस्थेने भरपाईची योजना लागू केली. पाच वर्षांहून अधिक काळ एकाच विषयाला चिकटून राहण्याचे हे फळ. आमच्यासारख्यांच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ मध्ये किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरली आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेवढीच राहिली. हा विषय आपल्या संसदेत निघत नाही असे नाही, अनेकदा निघतो. पण निघतो आणि विरून जातो.

आता जालन्याविषयी. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि गेल्या काही दशकांत हा पाळणा हलता ठेवला तो सळईने. येथे भंगार येते, विजेच्या भट्टीत वितळते, त्याचे बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी दांडे, होते आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन ते ट्रकने बाहेर पडते. पोर्ट टॅलबट आता ज्या वाटेने निघाले आहे ती, म्हणजे भंगार वितळवून विजेवर पोलाद करण्याची, वाट जालना कधीपासूनच चालत आहे. दुखणेही एकच आहे. वीज इतरांपेक्षा महाग आहे ही ब्रिटनमधील पोलाद उद्योगाची जुनी तक्रार, आणि रायपूरकडच्या मालाशी आम्ही या वीजदरात टिकायचे कसे ही जालन्याच्या उद्योजकांची. मी नोकरीत असताना रात्रीच्या वीजदरात सवलत असे, म्हणून भट्टी मुख्यतः रात्री तापायची आणि माझी रात्रपाळी अकराच्या सुमारास खऱ्या अर्थाने सुरू व्हायची.

त्या रात्रपाळीतली एक वही माझ्याकडे अजून आहे. मिलच्या मस्टरवर चौसष्ट नावे होती. प्रत्यक्षात तिन्ही पाळ्या मिळून दोनशेच्या वर माणसे राबत, पण बाकीची ठेकेदाराची होती; बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातील, काही परतूर, मंठा, घनसावंगीकडची. त्यांची हजेरी मिलच्या कागदांत येत नसे. मात्र रात्री दोन वाजता चहाची कुपने सगळ्यांना सारखी मिळायची आणि त्यांचा हिशेब जुळावा म्हणून मी सगळ्यांचीच नावे एका दुरेघी वहीत उतरवून घेत असे. मिल बंद झाल्याची चिठ्ठी गेटवर लागली तेव्हा कायम कामगार जमून चर्चा करत राहिले. ठेकेदाराची माणसे दुसऱ्याच दिवशी पिशव्या घेऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसली. शासनाच्या लेखी फार तर चौसष्ट माणसे बेकार झाली असतील. बाकीची येथे कधी कामाला होती याचा पुरावा म्हणजे माझी चहाची वही.

वेल्सचे खासदार सभागृहात ‘इतक्या नोकऱ्या’ असे ठामपणे म्हणू शकतात, याचे कारण तेथील संघटनेकडे आणि कंपनीकडे तो आकडा असतो. आपल्या खासदाराला उद्या प्रश्न विचारावासा वाटला तरी त्याच्या हाती आकडाच नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्यांवरच आहे. मस्टरवर चौसष्ट नावे असलेल्या मिलची फाईल मंत्रालयाच्या टेबलावर जाणारच नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की मदत मागण्याच्याही आधी खासदारांनी मोजणी मागावी.

एका खासदारामागे वेल्समध्ये सुमारे एक लाख माणसे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्यातील सुमारे एक कोटी सत्त्याऐंशी लाख लोकांमागे आठच खासदार, म्हणजे एकेकावर तेवीस लाखांचा भार. ही तुलना त्यांच्यावर अन्याय करणारी आहे हे मी जाणतो. विजेचा दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो, त्यासाठी मुंबईत आमदारांनी बोलावे लागेल, हेही खरे. पण केंद्राच्या अखत्यारीत येणारे पुष्कळ आहे. लोकसभेत कामकाजाच्या प्रत्येक दिवशी तोंडी उत्तरासाठी वीस तारांकित आणि लेखी उत्तरासाठी २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. शून्य प्रहरात मिनिटभर बोलून बातमी होते. लेखी प्रश्नाची बातमी होत नाही, पण मंत्र्याची सही असलेले उत्तर मिळते आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर समोर धरून दुसरा प्रश्न विचारता येतो.

भविष्य निर्वाह निधी हा केंद्राचा विषय आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत निधीची वर्गणी भरणाऱ्या किती आस्थापनांनी गेल्या दहा वर्षांत ती भरणे थांबवले, त्यांत किती कामगारांची खाती होती आणि किती रक्कम वसूल व्हायची आहे, एवढा एकच लेखी प्रश्न आठांपैकी कोणीही विचारला तरी बंद पडलेल्या कारखान्यांचा पहिला अधिकृत आकडा जिल्हावार आपल्या हाती येईल. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले. त्या कारखान्यात आज प्रत्यक्ष किती माणसे कामावर आहेत, त्यांपैकी लातूर, धाराशिव, बीडची किती आणि कायम किती, हे विचारावे. जालन्याच्या ड्रायपोर्टचे, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळणाऱ्या कोरड्या बंदराचे, भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. त्यातून किती कंटेनर बाहेर पडले, हे दर अधिवेशनात विचारावे, उत्तर शून्य आले तरी विचारावे. बिडकीनमध्ये येणाऱ्या मोठ्या वाहन प्रकल्पांविषयी करार होत असतानाच स्थानिक भरतीचा आणि आयटीआयच्या मुलांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मांडला गेला पाहिजे. कारखाना उभा राहिल्यानंतर मोर्चे काढून फारसे काही मिळत नाही, असा आपला अनुभव आहे.

मराठवाड्याला हे नवीन आहे असे मला वाटत नाही. रुंदमापी रेल्वेसाठी गोविंदभाई श्रॉफांनी आणि जनता विकास परिषदेने किती वर्षे एकच मागणी लावून धरली, हे माझ्या पिढीने पाहिले आहे. १९७४ च्या विकास आंदोलनातही तरुणांच्या नोकऱ्यांची मागणी होतीच. चिकाटी आपल्याकडे होती, ती सभागृहाच्या कामकाजात उतरली पाहिजे.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर आठही खासदारांनी उद्योग आणि रोजगार या विषयांवर विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे एका पानावर छापावीत. त्यावर टीकाटिप्पणी नसली तरी चालेल. ज्याने काही विचारले नसेल त्याच्या नावापुढची जागा मोकळी सोडावी.

आणि जालन्याच्या कारखान्यांविषयी प्रश्न तयार करताना कोणाही लोकप्रतिनिधीला उपयोग होणार असेल तर माझी ती चहाची वही मी द्यायला तयार आहे. तिच्यात दोनशे अकरा नावे आहेत. बहुतेकांपुढे गाव लिहिलेले आहे, काहींपुढे फक्त ‘बिहार’ एवढेच.

आपला नम्र,
एक निवृत्त टाईमकीपर
जुना जालना