पावसाळाभर संध्याकाळची पंगत चालू राहावी म्हणून आवाहन

सर्व देणगीदार, हितचिंतक, गल्लोगल्लीची पंचमंडळी, महिला मंडळाच्या भगिनी आणि परगावी स्थायिक झालेले आपले बेळगावकर यांस सप्रेम नमस्कार.

विषय थेट मांडतो. आपल्या अन्नछत्राच्या कोठीत आज जो तांदूळ आहे तो या महिनाअखेरपर्यंत पुरेल. तूरडाळ त्याच्याही आधी संपेल. मृग तोंडावर आला आहे आणि बेळगावचा पाऊस आपल्याला नव्याने सांगायला नको. तो लागला की स्लॅबची कामे थांबतात, वीटभट्ट्या बंद होतात, रंगारी घरी बसतात, हातगाडीवरचा माल भिजतो. रोज कमवून रोज खाणाऱ्यांचे हात जूनपासून पुढचे तीन-चार महिने रिकामे असतात. पंगतीला माणसे वाढतात ती नेमकी याच काळात, आणि शेतकऱ्यांची सुगी दूर असल्यामुळे आपल्याकडे येणारे धान्य आटते तेही याच काळात. ही तोंडमिळवणी दरवर्षी कशीबशी झाली. यंदा होईल असे कार्यकारिणीला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

अन्नछत्र कसे सुरू झाले ते आता अनेक तरुणांना ठाऊक नाही. ज्यांनी ते उभे केले त्यांचे ऋण सांगितल्याशिवाय पुढे मागणे मला बरे वाटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी फुगल्या. चिकोडी, अथणी, निपाणी, गोकाक भागातली गावे पाण्याखाली गेली. इकडे शहरात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात आणि वस्त्यांत शिरले, मातीच्या भिंतींची घरे बसली. घर पडलेली कुटुंबे शाळांच्या खोल्यांत आली तेव्हा बिस्किटांचे पुडे खूप आले, पण लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना गरम भात हवा होता. त्या दिवशी आपल्या पंचांनी गणपतीच्या महाप्रसादाची पातेली माळ्यावरून खाली उतरवली. चूल पेटवायची कुठे, हा प्रश्न दिवंगत मास्तरांनी सोडवला. समाजमंदिराची मागची किल्ली त्यांच्याकडे होती. ती त्यांनी कोणाला न विचारता पंचांच्या हातात ठेवली आणि पुढे आयुष्यभर परत मागितली नाही.

पूर ओसरला, पातेली पुन्हा माळ्यावर गेली. मग मार्च २०२० आला. २५ तारखेपासून देश बंद झाला आणि पुणे-बंगळूर महामार्गावरून माणसे चालत निघाली. कोणी राजस्थानकडे, कोणी उत्तर प्रदेशाकडे. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकलेल्या माणसांचे हाल आपण सगळ्यांनी ऐकले, काहींनी डोळ्यांनी पाहिले. त्या काळात आपल्या अंगणात सकाळ-संध्याकाळ चुली होत्या. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आपले सुभेदार काका पहाटे येऊन पाणी तापत ठेवायचे. मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक कसा करायचा, भात एकावर एक दडपू न देता परातीत कसा मोकळा करायचा, पाकीट बांधताना कोणी कुठे उभे राहायचे, हे सगळे आम्हांला त्यांनी शिकवले. आजही कोठीच्या दारावर त्यांच्या हातचा नियमांचा कागद आहे आणि तो तसाच पाळला जातो.

रविवार पेठेतल्या एका शेठजींनी त्या वर्षी तांदळाची पोती पाठवली आणि अट घातली की नाव कुठेही छापायचे नाही. ती अट आम्ही आजही पाळतो, पण त्यांना हे पत्र मिळेल तेव्हा कळेल की आम्ही विसरलेलो नाही. येळ्ळूरच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर भरून तांदूळ आणला. त्यात घरच्यासाठी ठेवलेला बासमतीही होता. आम्ही म्हटले, हा परत न्या, पाहुण्यांना ठेवा. तर म्हणाले, हेही पाहुणेच की. शहापूर-वडगावच्या शिवारातल्या काही जणांची जमीन हलगा-मच्छे बायपासच्या वादात अडकली होती, तरी सुगीत त्यांचे पोते चुकले नाही. वडगाव-खासबागच्या विणकर भगिनींचे तर किती सांगावे. माग बंद, सूत महाग, साडीला गिऱ्हाईक नाही, अशा दिवसांत त्यांनी मुठीचा डबा सुरू केला. स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ डब्यात टाकायची आणि आठवड्याने डबा मंडळाकडे रिकामा करायचा. ज्यांच्या घरी उद्याची खात्री नव्हती त्यांनी ही रीत आपल्याला दिली. हिंदवाडीतल्या निवृत्त बाईंची पेन्शनमधली रक्कम दर महिन्याला येते, कॅम्पातल्या बेकरीवाल्या भाईंचे पाव रमजानमध्येही थांबले नाहीत, आणि कॉलेजची मुले परीक्षेच्या दिवसांतही रिक्षातून डबे पोहोचवून गेली. या प्रत्येकाला मंडळाचा नमस्कार.

१९२४ च्या डिसेंबरात गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आपल्या शहरात भरले. देशभरातून आलेल्या हजारो माणसांची राहण्या-जेवण्याची सोय बेळगावने केली, पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली. मठांमधला दासोह, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्याची रीत, आपण लहानपणापासून पाहत आलो. दारी आलेल्याला विन्मुख पाठवणे या मातीत बसत नाही, असे मी मानतो आणि म्हणूनच पुढचे लिहायचे धाडस करतो.

लॉकडाऊन उठला तेव्हा चुली बंद करायच्या असे ठरले होते. पण संध्याकाळ झाली की माणसे अंगणात येऊन बसू लागली. तेव्हा कळले की यातल्या पुष्कळांची भूक लॉकडाऊनच्या आधीपासूनची आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला एक पंगत चालते. दीडशेच्या आसपास पाने होतात, पावसाळ्यात अधिक.

कोण येते? सगळ्यांत जास्त सिव्हिल हॉस्पिटलमधल्या रुग्णांचे नातेवाईक. खानापूर, रामदुर्ग, सौंदत्ती, रायबाग आणि पलीकडून चंदगडचेही. रुग्णाला दवाखान्यातून जेवण मिळते, उशाशी बसणाऱ्याला मिळत नाही. सरकारी कार्डावर उपचार होतात हे खरे, पण बुडालेली मजुरी, रिक्षाचे भाडे, बाहेरून आणायची एखादी बाटली हे कोणत्याही कार्डात बसत नाही. चार दिवसांसाठी आलेली बाई तीन आठवडे व्हरांड्यात झोपते आणि पहिली काटकसर स्वतःच्या जेवणात करते. त्यानंतर बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनच्या आसपासची माणसे, मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे, हमाल, भंगार वेचणाऱ्या बायका, थकलेल्या जोगतिणी, उद्यमबागेत कामाच्या आशेने आलेली आणि पहिला पगार व्हायची असलेली परप्रांतातली पोरे. वाढणारे मराठीत विचारतात, उत्तर कन्नडमध्ये येते, उर्दूत येते, हिंदीत येते. सौंदत्तीकडची आजी साकु साकु (पुरे पुरे) म्हणत पानावर हात आडवा धरते आणि आमच्या काकू तरीही अर्धा डाव वाढतातच. या अंगणात सीमेचा प्रश्न कधी निघाला नाही.

काही सुशिक्षित मंडळी विचारतात, आता रेशन फुकट आहे, मग अन्नछत्र कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या अन्नभाग्य योजनेने कर्नाटकातल्या गरिबांच्या घरात तांदूळ पोहोचला, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल आम्हांला ठाऊक आहे. ज्यांचे कार्ड नाही त्यांचे अर्ज भरून द्यायचे कामही मंडळ करते. पण तांदूळ शिजवायला चूल लागते, भांडे लागते, डोक्यावर छप्पर लागते. कार्डाला पत्ता लागतो. विटा उचलून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि त्यांना पुन्हा उद्या या म्हणून सांगितले जाते. सरकारी इंदिरा कॅन्टीनमध्ये ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण मिळते. ज्याच्याकडे दहा रुपये आहेत आणि वेळेवर पोहोचता येते त्याला आम्ही स्वतःच तिकडे पाठवतो. मात्र तिथली ताटे मोजकी असतात, आणि आयसीयूच्या दारात बसलेल्या माणसाला रांगेत उभे राहायला जाता येत नाही. या फटीतून जी माणसे खाली पडतात ती आपल्या अंगणात येतात.

आता थोडे मनातले. पूर आला तेव्हा धान्य उतरवायला जागा पुरली नव्हती. लॉकडाऊनमध्ये लोकांनी न मागता पाठवले. तेच लोक आज तेवढेच भले आहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण गेल्या वर्षी आम्ही घरोघर पत्रके दिली तेव्हा बऱ्याच दारांतून उत्तर आले, अजून चालू आहे होय ते? वाईट वाटले. कोणतेही संकट नसलेल्या साध्या मंगळवारीही माणसाला भूक लागते. मुठीचे डबे कमी कमी होत गेले. एका मोठ्या संस्थेने वर्षभराचा तांदूळ जाहीर सभेत कबूल केला, टाळ्या झाल्या, तांदूळ आला नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला, गणपतीच्या देखाव्याला आपण हात आखडता घेत नाही. घेऊही नये, आम्हीही त्याच मिरवणुकीत असतो. मागणे इतकेच की त्या वर्गणीच्या वहीत एक ओळ या पंगतीसाठी ठेवावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे काही जण दुरावले. पंगतीत जेवणाऱ्याचा फोटो काढू दिला जात नाही. वाढदिवसाला जेवण द्यायला येणाऱ्यांनी देणाऱ्यांचा फोटो कोठीसमोर काढावा, केक कापावा, आनंद करावा, पण भुकेला माणूस पान पुढे करतो तेव्हा कॅमेरा नको. हा मास्तरांचा नियम आहे. यापायी देणगी परत गेली तरी कार्यकारिणी तो बदलणार नाही.

हवे काय ते एकत्रच लिहितो. रोज साधारण १७ किलो तांदूळ आणि ५ किलो डाळ लागते, म्हणजे महिन्याला ५ क्विंटल तांदूळ, दीड क्विंटल डाळ, तेलाचे तीन डबे आणि १९ किलोचे तीन-चार व्यावसायिक सिलिंडर (घरगुती सिलिंडर कृपया देऊ नयेत, ते वापरता येत नाहीत); तांदूळ साधा जाडा चालेल, इंद्रायणी चिकट होतो; गूळ, शेंगदाणे, मीठ, चिंच, कांदे-बटाटे यांचेही स्वागत. एका संध्याकाळचा खर्च सुमारे २,५०० रुपये येतो, तो कोणाच्या स्मरणार्थ किंवा वाढदिवसानिमित्त एकट्याने वा चौघांनी मिळून उचलता येईल, तारीख आधी वहीत नोंदवावी. श्रावण सोमवार लवकर भरतात, आषाढ पूर्ण रिकामा आहे. लग्न-मुंजीत उरलेले अन्न पंगतीत न वाढलेले, गरम आणि त्याच रात्री नऊच्या आत कळवलेले असेल तरच घेऊ, दह्या-दुधाचे पदार्थ घेत नाही. अंगणावरची ताडपत्री फाटली आहे, पाऊस सुरू होण्याआधी नवी हवी, जुनी पण धड असलेली चालेल. देणगीची पावती मिळते, प्राप्तिकराच्या ८०जी सवलतीसाठी पॅन क्रमांक द्यावा आणि २,००० रुपयांवरील रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी, त्यावरील रोख रकमेस सवलत मिळत नाही. खाते क्रमांक पावतीपुस्तकावर व समाजमंदिराच्या फलकावर आहे, इतर कुठल्या मेसेजमधल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. धान्य रोज दुपारी ४ ते रात्री ८ समाजमंदिराच्या मागच्या दाराने स्वीकारले जाते, जड असल्यास सांगावे, रिक्षा पाठवू.

पैसे-धान्य देणे शक्य नसेल तर हात द्यावेत. भाजी चिरायला साडेचारला, वाढायला पावणेसातला आणि भांडी घासायला आठनंतर माणसे हवी असतात. शेवटच्या कामाला कायम कमतरता असते. सध्या तो सगळा भार चार भगिनींवर आहे आणि त्यांच्यापैकी दोघींचे गुडघे दुखतात.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता समाजमंदिरात बैठक आहे. प्रत्येक गल्लीतून निदान एका पंचाने यावे, आपल्या गल्लीतून किती मुठीचे डबे पुन्हा सुरू होतील ते बोलावे आणि वर्षभराचा हिशेब पाहून घ्यावा. हिशेब तपासलेला आहे आणि कोणालाही पाहता येईल.

आपला नम्र,
कार्यवाह, अन्नछत्र समिती

ता. क. मागच्या सुगीत ज्यांनी तांदूळ दिला त्यांची रिकामी पोती घड्या करून ठेवली आहेत. कृपया घेऊन जावीत, पावसात भिजून खराब होतील.