उत्पादनाचा आकडा कळला, उगवणीचे काय?

महोदय,

‘डीआरआर धान १००’ (कमला) आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे भाताचे जनुक संपादित वाण केंद्राने मे २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून अनेकांनी त्यांना सरसकट बीटी कपाशीच्या पंगतीला बसवले आहे. ते बरोबर नाही. बीटी कपाशीत बाहेरचे, जिवाणूचे जनुक घातलेले असते; कमलात बाहेरचे जनुक नाही. सांबा महसुरी या मूळ वाणाचे ‘जीएन१ए’ हे स्वतःचेच जनुक त्यात बदलले आहे. सायटोकायनिन हे संप्रेरक मोडण्याचे त्याचे काम मंदावले की लोंबीला दाणे जास्त धरतात. उत्पादन १९ टक्के जास्त, पीक जवळपास २० दिवस आधी, हे सगळे छापून आले.

मी धान पिकवणारा माणूस, मला उगवणीचे विचारायचे आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास अवकाळी आला, की कापून पसरलेल्या धानाच्या कडपा बांधीतच भिजतात. चार दिवस ऊन नाही मिळाले तर कडप उलटताना लोंबीतच पांढरे कोंब दिसतात आणि खालच्या बाजूला मुळ्यांची जाळी. हा धान खरेदी केंद्रावर चालत नाही, बियाण्यालाही नाही. दाण्याला सुप्तावस्था किती, म्हणजे पिकल्यावर ओल मिळूनही तो किती दिवस न उगवता राहतो, यावर हे बरेचसे ठरते. पीक लवकर निघणार म्हणजे परतीच्या पावसात सापडण्याची भीतीही आलीच.

बरे, सुप्तावस्था नुसती वाढवूनही भागत नाही. पुसा डीएसटी ज्यातून काढला तो ‘१०१०’ (एमटीयू १०१०) वाण आमच्याकडे खरिपातही असतो आणि उन्हाळीतही. नोव्हेंबरात घरात आलेले बी डिसेंबर-जानेवारीत पऱ्ह्यात (रोपवाटिकेत) टाकायचे, तर ते झोपून राहिलेले कसे चालेल?

उगवणीची ही कळ जनुकांतून फिरवता येते. जपानच्या ओकायामा विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये गव्हातील ‘क्यूएसडी१’ जनुकाच्या तिन्ही प्रती बंद पाडून दाण्याची सुप्तावस्था लांबवली. आणि एकीकडे हात घातला की दुसरीकडे हलते, हेही आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. गोल्डन राईसचा (दाण्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा घटक तयार करणाऱ्या भाताचा) गुण ‘स्वर्णा’ वाणात आणला तेव्हा झाडे खुजी राहिली, उत्पादन घटले. बाहेरचे जनुक भाताच्या स्वतःच्या ‘ऑक्स१’ जनुकातच जाऊन बसले होते. ते तंत्र वेगळे, मान्य. पण तपासल्यावरच हे कळले ना?

मार्च २०२२ पासून बाहेरचे जनुक नसलेल्या संपादित वाणांना जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबतच्या १९८९ च्या नियमांतील कडक तरतुदींतून सूट आहे. माझा या सवलतीला विरोध नाही. पण मग माहिती तरी उघडी हवी. पिशवीच्या टॅगवर किमान ८० टक्के उगवण लिहिलेली असते, ती प्रयोगशाळेतली. ओल्या लोंबीत कोंब कधी फुटतो आणि कापणीनंतर किती दिवसांनी बी नीट उगवते, हे साकोली आणि सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रांवर मूळ वाणांशेजारी लावून तपासावे आणि बियाणे विक्रीला येण्याआधी मराठीत प्रसिद्ध करावे.

– एक धान उत्पादक, लाखांदूर (जि. भंडारा)