कर्ज त्याचं, रिफंड तिचा: अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. नवरा इथेच वाढलेला, बायको लग्न करून पुण्याहून आलेली. वर्षभर तिच्या पगारातून कर कापला गेला, दोघांनी जॉइंट रिटर्न (एकत्रित करविवरण) भरलं आणि रिफंडऐवजी पत्र आलं: त्याच्या लग्नाआधीच्या थकीत स्टुडंट लोनपोटी रक्कम वळती केली.

थकबाकी सोडून द्या, असं कुणी म्हणत नाही. रिफंडमधून मुलांची थकलेली पोटगीही वळती होते, ती तर वसूल व्हायलाच हवी. पण ज्याचं देणं, त्याच्याकडून घ्या. कुणाच्या पगारातून किती कर कापला, हे डब्ल्यू-२ च्या (कंपनी वर्षाअखेरीस देते त्या पगार-कराच्या दाखल्याच्या) २ नंबरच्या चौकटीत छापलेलं असतं आणि त्याची प्रत सरकारकडे जातेच. तरी सगळी रक्कम उचलायची आणि तिने फॉर्म ८३७९ भरून स्वतःचेच पैसे मागायचे! वसुलीआधीची ६० दिवसांची नोटीससुद्धा कर्जदाराला जाते, तिला नाही.

त्या फॉर्ममध्ये नावं आणि सोशल सिक्युरिटी नंबर जॉइंट रिटर्नच्याच क्रमाने लिहायचे. तिथे तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असेल तर इथेही दुसऱ्याच क्रमांकावर, आणि रिफंड मागणारी ती, ही खूण तिच्या नावाच्या चौकटीत. खरी मेहनत तिसऱ्या भागात आहे. तिथे तीन रकाने: रिटर्नवरचा आकडा, तिचा वाटा, त्याचा वाटा. पगार आणि कापलेला कर ज्याच्या डब्ल्यू-२ वर, त्याच्या रकान्यात. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट, निम्मं-निम्मं. फॉर्म मागाहून एकटा पाठवला, तर दोघांचे डब्ल्यू-२ आणि कर कापलेले १०९९ (पगाराशिवायच्या उत्पन्नाचे दाखले) जोडायचे, रिटर्नची प्रत नाही. एक कागद राहिला की प्रकरण लांबलं.

अर्जाचा निकाल लागायला, रिटर्नसोबत ऑनलाइन पाठवला तर ११ आठवडे, कागदावर १४, मागाहून एकटा पाठवला तर ८. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. टेक्सास, कॅलिफोर्निया धरून नऊ राज्यांत नवरा-बायकोची कमाई सामाईक मानतात, म्हणून तिथे वाटणी त्या राज्याच्या कायद्याने. पगार तोच, कर्ज तेच, पण न्यू जर्सीतलं एडिसन आणि कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉन्ट यांच्यामध्ये हाती येणारी रक्कम वेगळी असू शकते. हा कुठला न्याय? वेगवेगळं रिटर्न भरावं, तर शिक्षणाची क्रेडिट्स (करातली थेट सूट) जातात आणि त्याच स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावटही जाते.

तुमचा फॉर्मच तिला ‘इंज्युअर्ड स्पाउस’, म्हणजे नुकसान झालेली जोडीदार, म्हणतो. नुकसान झालं हे मान्य आहे, तर ते आधी करताच कशाला? घेताना तिच्या सहीची गरज नसते, परत देताना मात्र लागते. सरकार कुठलंही असो, सामान्य माणसाने आपल्याच पैशांसाठी अर्जदार व्हायचं, हे आम्ही किती वर्षं सोसायचं?

नोटीस दोघांना पाठवा. वाटणीची चौकट रिटर्नवरच द्या. एकदा भरलेला ८३७९ कर्ज फिटेपर्यंत ग्राह्य धरा.

तोवर वाचणाऱ्या बायकांनी नवऱ्याला अर्थखात्याच्या या वसुलीच्या चौकशी क्रमांकावर, ८००-३०४-३१०७ वर, फोन करून थकबाकीची नोंद आहे का ते विचारायला लावावं, रिटर्नसोबतच ८३७९ जोडावा आणि डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलून कर बेताचाच कापला जाईल असं बघावं. रक्कम आधीच गेली असेल तर रिटर्नच्या मुदतीपासून साधारण तीन वर्षं हक्क सांगता येतो.

कळावे,
एक करदाती