शाळेत जादा ‘वग’?

संपादक महोदय, नमस्कार.

आमचे बाबा ७६ वर्षांचे. सकाळी छापील पेपर, दुपारी लॅपटॉपवर बातम्या. परवा विचारतात, अरे शाळेत जादा वग कसले लावतायत, तमाशा आहे का? जाऊन बघितलं तर ‘जादा वर्ग’ होतं. साइटवाल्यांनी (नाव घेत नाही, तुमची नाही एवढं सांगतो) हेडिंगची लाइन हाइट (ओळीची उंची) एवढी आवळलीय की वरचा रफारच कापला गेला. त्यात इंग्रजीची नक्कल करून लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलेलं, म्हणजे शिरोरेषेचे तुकडे आणि अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी. झूम केलं तर सगळंच मोठं होतं, कापलेला रफार काही परत येत नाही.

शेवटी मीच चार ओळी सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) लिहिली. लाइन हाइट १.७, लेटर स्पेसिंग शून्य, ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, आणि प्रत्येकापुढे ‘इम्पॉर्टंट’, म्हणजे साइटचा नियम सोडून माझा पाळ अशी खूण. फायरफॉक्समध्ये प्रोफाइलच्या फोल्डरात ‘क्रोम’ नावाचं फोल्डर करायचं (गूगलच्या क्रोमशी त्याचा काही संबंध नाही, माझाही आधी गोंधळ झाला होता) आणि त्यात या ओळींची यूजरकंटेंट नावाची सीएसएस फाइल टाकायची, पण २०१९ च्या ६९ व्या व्हर्जनपासून अबाउट कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन एक सेटिंग चालू केल्याशिवाय ती फाइल वाचलीच जात नाही. सफारीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सरळ फाइल निवडता येते. गूगलच्या क्रोमने मात्र ही सोय २०१४ लाच काढून टाकली, आता तिथे स्टायलससारखं एक्स्टेंशन घ्यावं लागतं. म्हणजे एकाच कामाला तीन ब्राउझर तीन तऱ्हा, आणि बाबांच्या वयाच्या माणसाने यातलं नेमकं काय करायचं?

गंमत म्हणजे हा काही जुगाड नाही. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली तेव्हाच पानाचं रूप ठरवण्यात वाचकाचाही हात असावा असं त्यात होतं. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये पान बनवणारा आणि वाचक दोघांनी ‘इम्पॉर्टंट’ लिहिलं तर पान बनवणारा जिंकायचा, १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते उलटवलं आणि वाचकाचा शब्द शेवटचा झाला. नियम अजून तोच आहे, पण तो वापरायची खिडकी ब्राउझरवाल्यांनी माळ्यावर नेऊन ठेवलीय.

तुमच्या वेब टीमला एवढंच सांगा, मराठी मजकुराला लेटर स्पेसिंग लावू नका, हेडिंगला वर श्वास घ्यायला जागा ठेवा आणि पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) लिहा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये आपला मराठी वळणाचा ल आणि श आहे तिथे तो तरी दिसेल, हिंदीवाला नको.

बाबा आता म्हणतात सुडोकूचे चौकोनपण मोठे करून दे. ते चित्र आहे, तिथे माझी सीएसएस चालत नाही.

आपला एक वाचक, नाशिक