पोर्टफोलिओत काय टाकू, म्हणून विचारलंस

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी प्रेसमध्ये होतो. मशीनच्या आवाजात धड काही बोलता आलं नाही, आणि तुझा प्रश्न घाईत उरकण्यासारखा नव्हता. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू करतोयस, याचा मला मनापासून आनंद झाला. पण अकरा वर्षांत जे काही केलंस ते सगळं कंपनीचं, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय, ही तुझी घालमेल मला नेमकी कळते. मीही त्यातून गेलोय.

आधी कायद्याचं सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक कंपनीच असते, वेगळा करार केलेला नसेल तर. तेव्हा मूळ फायली पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नकोस. मात्र त्याच कायद्यात कलम ५७ आहे. मालकी दुसऱ्याची असली तरी ‘हे मी केलं’ म्हणण्याचा कर्त्याचा हक्क त्यानं शाबूत ठेवलाय. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी याच कलमाच्या आधारे सरकारशी भांडण मांडलं होतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली उतरवून गोदामात टाकलं, त्यात त्याची नासधूस झाली. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. पण नाव सांगण्याचा हक्क आहे म्हणून चित्र उचलून आपल्या पानावर लावण्याची मुभा मिळते असं समजू नकोस. त्यासाठी परवानगी घ्यावी, आणि लेखी घ्यावी.

मी ती घेतली नव्हती. सहा वर्षांपूर्वी एजन्सी सोडली आणि दुसऱ्याच दिवशी काळ्या मसाल्याचं ते पाकीट पोर्टफोलिओत टाकलं. खाली लिहिलं, ‘संकल्पना आणि डिझाइन’, आणि पुढे फक्त माझं नाव. आठवड्याभरात साहेबांचा फोन आला, काढून टाक म्हणाले. काढलं. ते मला विशेष लागलं नाही.

लागलं ते दुसरंच. त्या पाकिटावरची अक्षरं माझी नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या काकांची होती. छपाईत शाई पसरायची आणि ‘काळा’मधल्या ‘ळ’ची दोन्ही पोटं बुजून जायची, तर या माणसानं ट्रेसिंग पेपरवर तो एकच ‘ळ’ पुन्हा पुन्हा काढला होता. दर वेळी पोट केसभर मोकळं करायचे, कागद उलटा धरून उजेडात बघायचे. त्यांचाही फोन आला. म्हणाले, “पान छान दिसत होतं रे तुझं.” एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेत त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी ते सगळे ट्रेसिंग पेपर जपून ठेवले होते. एकेक काढून मला दाखवत बसले, चहा गार झाला.

म्हणून सांगतो, प्रत्येक कामाखाली तू नक्की काय केलंस ते लिही. मांडणी तुझी, अक्षरं अमक्याची, फोटो तमक्याचा. गिऱ्हाईक त्यामुळे बिचकत नाही. उलट ‘मग यात तुमचा भाग कसा जमवलात?’ असं विचारतं, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.

नोटीस पिरियड संपायच्या आत साहेबांना मेल टाक. रिलीव्हिंग लेटर हातात पडलं की कुणी उत्तर देत नाही. मोघम परवानगी मागू नकोस, कामांची यादी दे, आणि यादीत फक्त बाजारात आलेलीच कामं धर. नापास झालेले पर्याय, विक्रीचे आकडे, गोपनीयतेच्या करारात बसणारं काहीही नको. नाहीच म्हणाले तर काम न दाखवता शब्दांत लिही: अडचण काय होती, तू ती कशी सोडवलीस. तेही लिहिताना आतली माहिती बाहेर जाऊ देऊ नकोस. जोडीला दोन-तीन कामं स्वतःहून कर, आणि ती कुणी सांगितलेली नव्हती हे स्पष्ट लिही. तुमच्या मंडळाचा यंदाचा अहवाल घे ना करायला, दरवर्षी किती दाटीवाटीचा छापतात!

आणि इथून पुढच्या प्रत्येक करारात ‘हे काम मी माझ्या पोर्टफोलिओत दाखवू शकेन’ ही ओळ पहिल्या दिवशीच घालून घे. कामाचे हक्क गिऱ्हाइकाला देतोस तेव्हा किती वर्षांसाठी तेही लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

मेलचा मसुदा आधी मला पाठव, आज रात्रीच बघतो. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अभय